पाणी तोडलेली वेल

सावळीरामने आयुष्यात कधी बसून चहा घेतला नव्हता. चूल गेली, गॅस आला, कौलं जाऊन स्लॅब पडला, पण त्याची तऱ्हा तीच राहिली. सकाळी उठायचं, ओट्याशी उभ्यानेच बशीत चहा ओतायचा, दोन फुरक्यांत संपवायचा आणि बशी तिथंच टाकून बागेकडे चालू पडायचं. चंद्रभागा आपला कप हातात घेऊन त्याच्या मागे दारापर्यंत यायची. त्याला काही सांगायचं असलं तर तेवढ्याच वाटेत सांगून घ्यायचं, नाहीतर मनात ठेवायचं. तिच्या मनात बरंच काही साठलं असणार. पण बाग तान्ह्या पोरासारखी, क्षणभर नजर काढून चालत नाही, असं सावळीरामचं ठाम मत होतं. घरातलं तान्हं पोर, उज्वला, मोठं होऊन शिकून पुण्याला नोकरीला लागलं तरी बाग काही त्याच्या लेखी मोठी झाली नाही.

हाच माणूस आता रोज सकाळी ओट्याशी स्वतः चहा करत होता. आलं ठेचायचा, गवती चहाची पात चुरगळून टाकायचा, दूध बेताने घालायचा. साखर तेवढी घालत नव्हता. साखरेचा डबा त्याने माळ्यावर, पापडाच्या पिंपामागे ठेवून दिला होता.

चंद्रभागेला दिवाळीपासून खोकला होता. दिंडोरीच्या डॉक्टरांनी औषधं बदलून बदलून पाहिली आणि शेवटी नाशिकला पाठवलं. तिथं फुफ्फुसात गाठ निघाली. गाठ कुठवर पोचली आहे ते बघायला एक मोठी तपासणी झाली. त्यासाठी तिला उपाशी ठेवलं, साखरेसारखंच एक औषध शिरेतून सोडलं आणि एका खोलीत गप्प बसवून ठेवलं. मग डॉक्टरीणबाईंनी सावळीरामला पडद्यावर चित्र दाखवलं. काळ्यापांढऱ्या अंगात दोनतीन ठिकाणं दिव्यासारखी पेटलेली होती. जिथं साखर जास्त खाल्ली जाते ते चमकतं, असं बाईंनी समजावलं. डोकंसुद्धा चमकत होतं, कारण मेंदूलाही साखर लागते. पण सावळीरामने डोक्याकडे पाहिलंच नाही. छातीतली ती चमकणारी सुपारी बघून त्याच्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे ही माझ्या घरात शिरून माझ्याच बायकोच्या ताटातलं खाऊ राहिली, असं त्याला वाटलं.

त्या संध्याकाळी त्याने उज्वलाला फोन लावला. पोरगी पुण्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करायची. ती नेमकं काय करते हे त्याने आजवर विचारलं नव्हतं, गावात कुणी विचारलं की "ती रक्त तपासते" एवढं सांगून मोकळा व्हायचा. त्या दिवशी पहिल्यांदा बापाने विचारलं, आणि पोरीला काय सांगू आणि काय नको असं झालं. आईच्या आजाराने ती आतून हादरलेली होती, त्यात बाप इतका कान देऊन ऐकतोय म्हटल्यावर बोलतच सुटली. गाठीतल्या पेशी साखर कशा ओरबाडतात, आणि ती अर्धवट जाळून आंबट पाणी बाहेर कसं टाकतात. शरीराच्या पहारेकरी पेशी गाठीला मारायला तिथवर पोचतात, पण त्यांच्या वाट्याला साखर उरत नाही आणि वरून त्या आंबटात भिजतात, म्हणून त्यांचे हातपाय चालेनासे होतात. त्यात गाठ त्यांना गप्प बसण्याची खूणही करते. आईला जे नवीन औषध केमोबरोबर द्यायचं ठरलंय ते ही खूण तोडून पहारेकऱ्यांना जागं करतं. आम्ही लॅबमध्ये हेच बघतो, आबा, गाठीशेजारच्या उपाशी पेशींना कामाला कसं लावायचं ते.

सावळीरामने सगळं ऐकलं आणि त्यातलं त्याला हवं तेवढं घेतलं. त्याला पोरीचं म्हणणं फार नीट कळलं असं वाटलं, कारण हे तर त्याने जन्मभर बागेत पाहिलं होतं. एखादी वेल माजते. नुसती पानं आणि फुटवे काढत सुटते, घडाला काही पोचू देत नाही. अशा वेलीचं काय करायचं हे नाशिक जिल्ह्यातला कुठलाही द्राक्षवाला झोपेतून उठवला तरी सांगेल. तिचं पाणी तोडायचं. ताण द्यायचा. माज आपोआप उतरतो.

त्याने पोरीला पुन्हा काही विचारलं नाही. डॉक्टरांनाही नाही. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा माळ्यावर गेला. मग गूळ गेला. मग भात, बटाटा, केळी, चिकू. पोळ्या दोनाच्या एक झाल्या, बाजरीची भाकरी अर्धी. उज्वलाला फोनवर आई बरी आहे, पथ्याने राहते, एवढंच कळायचं. पथ्य म्हणजे काय हे तिनेही विचारलं नाही, आणि पोरीचाच सल्ला पाळतोय म्हटल्यावर सावळीरामला तरी ते सांगायची गरज कुठं वाटणार.

चंद्रभागेचं एक होतं, तिला गोड लागायचं. चहा असा की चमचा उभा राहील म्हणून सावळीराम चिडवायचा. द्राक्षांचा खुडा संपल्यावर वेलीवर चुकून राहिलेले, उन्हाने तांबूस पडलेले, कातडी सुरकुतलेले मणी तिला प्राणापलीकडे आवडत. व्यापारी त्यांना हात लावत नाहीत, पण त्यांच्याइतकं गोड काही नसतं. दर वर्षी ती ओचा भरून ते मणी आणायची आणि ओसरीत बसून एकेक खायची. या वर्षी मात्र तिने पथ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जे समोर येईल ते गुमान खायची, आणि तो चहा तर अगदी सावकाश प्यायची.

कारण सावळीराम तिथं बसलेला असायचा. तिने चोरून साखर घालू नये म्हणून सुरुवातीला तो राखणीला बसला. मग ती राखण हळूहळू सवय झाली. कडू चहा काही घोटाघोटात जात नाही. ती फुंकर मारायची, एक घोट घ्यायची, कप मांडीवर ठेवायची. तेवढ्या वेळात दोघांत बोलणं निघायचं. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात वणीच्या गडावर गेले होते तेव्हा तिची चप्पल पायऱ्यांवर तुटली, आणि हा पुढे निघून गेला, त्याला कळलंही नाही. उज्वला लहानपणी औषध फवारायच्या टाकीत बेडूक सोडायची. तिचे आई-वडील, त्यांचं विंचूरकडचं कांद्याचं वावर, तिथली ती बोरीची झाडं. सावळीरामला यातलं निम्मं माहीतच नव्हतं. बागेचं सगळं त्याचा पुतण्या समाधान बघत होता. फोन आला की सावळीराम "तूच बघ" म्हणायचा आणि पुन्हा बायकोकडे वळायचा.

फेब्रुवारीत बाग गोडीवर आली. गोडी मोजायचं एक यंत्र असतं, नळीसारखं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आत आकडा दिसतो. एका दुपारी सावळीराम बागेतून आला तेव्हा ते त्याच्या खिशात होतं, आणि हातात एक मणी.

चंद्रभागा म्हणाली, "मला दावा."

त्याने मणी चिरडून थेंब काचेवर सोडला आणि नळी तिच्या डोळ्याला लावून दिली. तिने दुसरा डोळा मिटला. बराच वेळ ती तशीच उजेडाकडे बघत राहिली.

"लय गोडी आली हो या वर्षी," ती म्हणाली.

मग तिने नळी परत दिली. सावळीरामने तो थेंब सदऱ्याच्या टोकाने पुसून टाकला. चिरडलेला मणी त्याने खिडकीतून बाहेर फेकला आणि त्याला उगीच अपराध्यासारखं झालं, पण त्याने मन घट्ट केलं. ताण देताना दया येऊन मध्येच पाणी सोडणारा माणूस बागाईतदार नव्हे, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. तिला पुन्हा ओचा भरून मणी वेचताना बघायचं होतं त्याला, पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी. त्यासाठी हे एक वर्ष त्याला कोरडं काढायचं होतं.

मार्चअखेरीच्या खेपेला उज्वला पुण्याहून थेट नाशिकच्या दवाखान्यात आली. आईला बघून ती दारातच थबकली. चंद्रभागेच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरत होत्या. वजन केलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काटा बिघडलाय की काय म्हणून दुसऱ्यांदा उभं केलं. रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि या वेळचं औषध द्यायचं नाही असं सांगितलं. एवढ्या अशक्त अंगाला ते झेपणार नाही. तीन आठवड्यांत वजन सावरलं तर पुढे जाऊ, असंच उतरत राहिलं तर मात्र उपचार थांबवावे लागतील. नव्या फोटोत गाठ वाढलेली नव्हती, पण कमीही झालेली नव्हती.

बाईंनी खाण्याचं विचारलं. सावळीरामने मोठ्या अभिमानाने सांगितलं. साखर पूर्ण बंद, गूळ बंद, भात बंद, फळ नाही. महिने झाले, साखरेचा एक दाणा पोटात जाऊ दिला नाही. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने बापाला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथं बाकड्यावर माणसं बसली होती, कुणाच्या पिशवीत थर्मास, कुणाच्या मांडीवर डबा. ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"हे तुम्हाला मी सांगितलं होतं, आबा?"

तूच म्हणाली ना, की गाठ साखर खाते, असं तो म्हणाला. मग माजलेल्या वेलीचं पाणी तोडायचं नाही तर काय करायचं. त्याने ताण दिला होता, एवढंच.

उज्वला त्याच्या शेजारी बसली. बापाची चप्पल उलटी पडली होती ती तिने पायाने सरळ केली.

"ताण दिला की आधी काय सुकतं?" तिने विचारलं.

हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ताण जास्त झाला की जुनं लाकूड तसंच राहतं, सुकते ती पांढरी मुळी. केसासारखी बारीक, मातीत जरा खाली, सगळ्या वेलीला जेवू घालणारी. ती एकदा गेली की वरून कितीही पाणी सोडा, वेल घेत नाही. जन्मभर तो दुसऱ्यांना हेच सांगत आला होता.

"पांढरी मुळी," तो म्हणाला.

मग उज्वलाने सावकाश सांगितलं, फोनवर सांगायचं राहून गेलेलं. बाहेरून साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी राहत नाही. अंग आपलं मांस वितळवून साखर तयार करतं आणि गाठ ती खातेच. झिजते ती आई. गाठीशी लढणाऱ्या पेशी आईच्याच अंगावर पोसायच्या असतात, औषध त्यांना फक्त जागं करतं, जेवू आपण घालायचं असतं. मीही तुम्हाला पुढे काही विचारलं नाही, असं ती शेवटी म्हणाली. सावळीरामने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने तो खाली घेऊन आपल्या हातात धरला.

ते आत परतले तेव्हा सविता, खाण्यापिण्याचं सांगणारी दवाखान्यातली मुलगी, चंद्रभागेजवळ बसली होती आणि तिला प्रेमाने रागावत होती.

"मावशी, मी तुम्हाला पहिल्याच खेपेला सांगितलं होतं ना, सगळं खायचं म्हणून? चहात साखर चालते, शिरा खा, द्राक्षं खा म्हटलं होतं. तुम्ही हो हो म्हणालात."

चंद्रभागा पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी उज्वला चालवत होती. म्हसरूळ मागे पडलं, ढकांबे गेलं, दोन्ही बाजूंना खुडून मोकळ्या झालेल्या बागा लागल्या. सावळीराम मागच्या सीटवर बायकोशेजारी बसला होता. पहिल्याच खेपेला हिला माहीत होतं, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं. दिंडोरीला उज्वलाने गाडी थांबवून आईसाठी उसाचा रस आणला. चंद्रभागेने तो घेतला आणि एका दमात प्यायला, इतक्या घाईने की थोडा हनुवटीवरून ओघळला. ते पाहून सावळीराम काचेबाहेर तोंड करून बसला.

घरी आल्यावर, उज्वला आत भात लावत होती तेव्हा, तो ओसरीत चंद्रभागेसमोर जाऊन बसला.

"तुला ठाऊक होतं. मग बोलली का नाय?"

चंद्रभागेने आधी विषय टाळायला पाहिलं. तुम्हीच ठरवलं म्हटल्यावर मी काय बोलणार, वगैरे. पण तो तिथून हलला नाही, तेव्हा ती खाली बघून बोलली.

"डबा माळ्यावर ठेवला त्या दिवशी तुम्ही माझ्यापाशी बसले. दुसऱ्या दिवशी बी बसले. मला वाटलं, साखर चालती म्हटलं तर हा माणूस परत उभ्यानंच चहा पिऊन निघून जाईल. म्हटलं, अजून थोडे दिवस. मग अजून थोडे दिवस. अंग इतकं उतरंल असं नव्हतं वाटलं हो."

सावळीरामला रडू आलं. आतून पोरगी बघेल, रस्त्याने कुणी जाईल, कशाचीही त्याला पर्वा राहिली नाही. ज्या बाईसाठी तो पुढची वर्षं मागत होता, तिने मागची सगळी वर्षं त्याची वाट बघण्यात काढली होती, आणि शेवटी त्याला शेजारी बसवायला तिला हा असला सौदा करावा लागला. तिचा हात धरावा असं त्याला फार वाटलं. धरायची सवय नव्हती. त्याने तिच्या मागे सरकलेल्या बांगड्या एकेक करून मनगटापर्यंत खाली आणल्या, आणि मग हात तिथंच राहू दिला.

चारसहा दिवसांनी खरड छाटणीचा मुहूर्त होता. खुडा संपल्यावर एप्रिलमध्ये वेलीच्या काड्या मागे छाटतात, त्यातूनच पुढल्या वर्षीची काडी तयार होते. त्या घरात एक रीत होती, पहिल्या वेलीशी नारळ फोडून पहिली काडी मालकाने कापायची, मगच मजुरांनी कात्री उचलायची. सावळीरामने बापाच्या माघारी हा मान एकदाही सोडला नव्हता. उज्वला जन्मली त्या सकाळीसुद्धा तो आधी बागेत गेला होता आणि मग दवाखान्यात. ते चंद्रभागा विसरली नव्हती.

त्या सकाळी त्याने पापडाच्या पिंपामागून उतरवलेल्या डब्यातून साखर घेतली आणि चहात टाकली. एक चमचा, दुसरा, मग थोडा विचार करून तिसरा. तांबूस मणी या वर्षी कुणी वेचलेच नव्हते, ते तो आदल्या दिवशी उन्हातान्हात सगळी बाग पालथी घालून, जेमतेम ओंजळभर, शोधून घेऊन आला होता. ते वाटीत घालून त्याने तिच्यापुढे ठेवले. तिने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि लगेच चावला नाही. गालात धरून बसली.

इतक्यात समाधानचा फोन आला. मजूर येऊन बसलेत, ऊन वाढायच्या आत सुरुवात करायला पाहिजे, काका तुम्ही निघाले ना?

चंद्रभागेने कप उचलला. चहा गोड होता, गरम होता, पहिल्याच घोटाला तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. पण दुसरा घोट तिने घेतला नाही. कप मांडीवर ठेवून ती नुसती त्यावर फुंकर घालत राहिली. चहा एव्हाना प्यायजोगा झाला होता, फुंकर घालायचं काही कारण नव्हतं. सावळीराम फोन कानाला लावून ते बघत होता. हा कप रिकामा झाला की आपण उठणार असं तिला वाटतंय, आणि म्हणून ती तो संपवत नाही, हे त्याला कळलं. वेलीचं पान जरा मलूल झालं तर त्याला बांधावरून दिसायचं, आणि हे समोरचं दिसायला इतकी वर्षं लागली.

"नारळ तूच फोड," तो फोनवर म्हणाला. "पहिली काडी बी तूच काप. मी नाय येत."

पलीकडून समाधान काहीतरी विचारत राहिला. सावळीरामने फोन बंद करून वाटीशेजारी ठेवला. मग तो उठला. चंद्रभागेने मान वर केली नाही.

तो ओट्याकडे गेला, चहाचं पातेलं घेऊन परत आला आणि तिच्याजवळ मांडी घालून बसला. तिचा कप अजून भरलेलाच होता, तरी त्याने त्यात आणखी ओतला, अगदी काठापर्यंत, थोडा बशीत सांडेपर्यंत.

"पी आता सावकाश," तो म्हणाला. "हा संपला की दुसरा ठेवतो."